डिचोलीच्या सड्याखाली ४५० हेली: पावसाळा ते उन्हाळा, नोंदी

माझं गोव्यातल्या डिचोलीत पंखे, मिक्सर आणि पाण्याच्या पंपांच्या वाइंडिंगचं छोटं दुकान आहे. गिऱ्हाइकांच्या वहीच्या मागच्या पानांवर या नोंदी होत गेल्या. कोणाला ४५० साइझचं रिमोटचं हेलिकॉप्टर शिकायचं असेल, तर माझे पैसे आणि रविवार कुठे कुठे गेले ते कळावं म्हणून इथे उतरवतोय. शिव्या तेवढ्या गाळल्यात.

सुरुवात कुठून होती ते आधी सांगतो. दोन वर्षं मी घरातच चार चॅनेलचं लहान हेली उडवत होतो. त्याची पाती ठरलेल्या कोनात पक्की असतात. वर जायचं तर मोटर जोरात, खाली यायचं तर हळू. पडलं तर उचलायचं, फुंकर मारायची, पुन्हा उडवायचं. ४५० हे वेगळंच जनावर. त्याची मोटर एकाच वेगात फिरत राहते आणि पात्यांचा कोन बदलून ते वर-खाली होतं. स्टिक मधल्या खुणेच्या खाली गेली की पाती उलट्या कोनात जातात आणि हेली खाली ‘येत’ नाही, जमिनीत घुसायला बघतं. मिनिटाला २,६०० फेरे धरून पात्याच्या टोकाचा वेग काढला, तर ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आला. त्या दिवशीच ‘एकदा हॉलमध्ये नुसतं उचलून बघू’ हा विचार सोडला.

१६ जून २०२४

पुण्याच्या एकाकडून जुनं ४५० घेतलं, १४,००० रुपयांना. शेपूट बेल्टवर, डोक्याला फ्लायबार (तोल सावरणारी आडवी काडी) नाही, तीन अक्षांचा जायरो (हेली कललं की आपणहून सावरणारा डबा), ३२५ मिमीची कार्बनची पाती. रिमोट माझ्याकडे होता. ‘बॅटरी लावा आणि उडवा,’ असं तो फोनवर म्हणाला होता.

मेन शाफ्ट बोटांनी फिरवून पाहिला, वरचं बेअरिंग खरखरत होतं. माझ्या हातून दिवसाला पाच-सहा बेअरिंगं जातात, त्यामुळे एवढं तरी लगेच कळलं. दोन बदलली. शेपटीची बेअरिंगं ‘बरी वाटतात’ म्हणून तशीच ठेवली. हे वाक्य पुढे लागणार आहे.

तीन सेलच्या, २,२०० एमएएचच्या दोन बॅटऱ्या मागवल्या. प्रत्येकी १,९०० रुपये. लिपो बॅटरी विमानाने पाठवत नाहीत, रस्त्याने आल्या. नऊ दिवस.

३० जून

पाऊस असा लागलाय की दुकानासमोरचा रस्ताही दिसत नाही. सिम्युलेटर बसवला, रिमोट केबलने कॉम्प्युटरला जोडला. रोज अर्धा तास ठरवलंय. आज वीज चार वेळा गेली, म्हणजे अर्ध्या तासाचे नऊ मिनिटं झाले.

मुलगा नववीत आहे. त्याने दहा मिनिटांत हेली एका जागी धरून दाखवलं. मला म्हणाला, ‘बाबा, तू स्टिक ढकलतोयस. नुसतं बोट टेकव.’ मी अंगठ्याने उडवत होतो. आता अंगठा आणि तर्जनी, चिमटीत धरतो. आठवडाभर हात अवघडला, मग बसला.

२५ ऑगस्ट

सिम्युलेटरचा हिशेब. शेपूट माझ्याकडे ठेवून दोन मिनिटं न पडता उभं धरणं: ९ तास लागले. डावी बाजू माझ्याकडे आणि उजवी बाजू माझ्याकडे: आणखी ११. यात एक गंमत आहे. डावी बाजू दोन दिवसांत जमली, उजवीला दोन आठवडे लागले. का ते कळलं नाही. ज्याची जी बाजू कच्ची असेल तिच्यावर जास्त वेळ घालवा, एवढंच सांगू शकतो, कारण मी उलट केलं. जमणारी बाजूच उडवत बसलो, बरं वाटतं म्हणून.

नाक माझ्याकडे: आतापर्यंत १० तास. वीस सेकंद टिकतं, मग डोकं उलटं चालायला लागतं.

२२ सप्टेंबर

गणेश चवथीत सगळं बंद होतं. आज टेबलावर मांडलं.

पहिलं काम: मोटर सैल करून पिनियन (मोटरवरचं लहान गिअर) मेन गिअरपासून बाजूला सरकवला. सेटिंग करताना मोटर फिरली तरी पाती फिरता कामा नयेत. ज्यांना हे कंटाळवाणं वाटतं त्यांनी मोटरच्या तीनपैकी दोन वायरी काढून ठेवाव्यात. पण टेबलावर पाती लावून, मोटर जोडून, रिमोटच्या मेन्यूत बोटं घालू नका. पंखा दुरुस्त करताना मेन स्विच बंद करतो, तसंच हे.

मग सर्व्होंचे (पात्यांचा कोन बदलणाऱ्या छोट्या मोटरींचे) हात काटकोनात, स्वॉशप्लेट (त्यांची हालचाल पात्यांना पोचवणारी चकती) आडवी सपाट, स्टिक मधोमध असताना पात्यांचा कोन शून्य. कोन मोजायला मोबाइलमधलं कोनमापक पात्याला क्लिपने लावलं, काम होतं. दोन्ही टोकांना १० अंश ठेवले.

उजवीकडे स्टिक नेली तर स्वॉशप्लेट डावीकडे कलली. रिमोटमध्ये तो चॅनेल (त्या हालचालीचा सिग्नल) उलटा केला, झालं बरोबर. जायरो तपासायला हेली हाताने पुढे झुकवलं. स्वॉशप्लेट मागे गेली, बरोबर. मागे झुकवलं, पुढे गेली, बरोबर. शेपूटही तपासली. डावं-उजवं झुकवून पाहिलं नाही. पुढे-मागे बरोबर म्हणजे तेही बरोबर असणार, असं धरलं. साडेदहा वाजले होते आणि जेवण थंड होत होतं.

२० ऑक्टोबर

पिनियन पुन्हा बसवला. १३ दात्यांचा पिनियन, १५० दात्यांचं मेन गिअर. दोघांत किती सैल ठेवायचं यासाठी पातळ कागदाची पट्टी मध्ये घालून पिनियन दाबायचा, स्क्रू आवळायचे, मग गिअर फिरवून पट्टी काढून घ्यायची. पट्टीवर दात्यांच्या घड्या उमटायला हव्यात, पण ती फाटता कामा नये. माझी पहिली फाटली, दुसरी बरोबर आली.

शिकाऊ पाय केले. हेलीच्या खाली फुलीसारख्या चार लांब काठ्या आणि टोकाला चेंडू, म्हणजे ते सहज कलंडत नाही. बाजारातल्या कार्बनच्या काठ्या महाग वाटल्या. मुलांचं दिवाळीच्या नरकासुराच्या पुतळ्याचं काम चालू आहे, तिथून बांबूच्या कामट्या उचलल्या आणि टेबल टेनिसचे चेंडू लावले. वजन १४० ग्रॅम भरलं. हेली बॅटरीसह ७८० ग्रॅम. म्हणजे हेलीच्या वजनाच्या जवळजवळ पाचवा हिस्सा नुसत्या पायांचा. कामट्या अर्ध्या चिरून ९० वर आणलं.

कायद्याचं पण पाहून घेतलं. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे दोन किलोच्या आतलं, धंद्यासाठी नसलेलं, त्यामुळे पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. जागा सरकारच्या ड्रोन नकाशावर हिरवी (परवानगी न लागणारी) हवी आणि ४०० फुटांच्या आत राहायचं. गोव्यात दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ, त्यातलं दाबोळी नौदलाचं, म्हणून त्या भागातल्यांनी नकाशा आधी बघावा, मग शेत. आमची जागा हिरवी आहे. चारशे फूट सोडा, मला चार फूट पुरेत.

३ नोव्हेंबर

दिवाळी झाली, कापणी झाली. सड्याखालच्या (सडा म्हणजे खडकाळ पठार) आबांच्या शेतात परवानगी घेतली. सड्यावर मोकळी जागा भरपूर आहे, पण तो सगळा जांभा. पातं टेकलं की संपलं. शेतातली माती मऊ.

पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू ऐकू आला तेव्हा मी व्हॅनमध्ये सामान भरत होतो, म्हणजे सव्वासहा. सात वाजता वारा शून्य. मोटर चालू केली, पात्यांनी वेग घेतला, हेली जमिनीवरच उजवीकडे कलायला लागलं. मी डावीकडे स्टिक दिली. आणखी कललं. एकूण चार सेकंद. बांबूच्या कामट्या मोडल्या, पाती मातीत, मेन गिअरचे सहा दाते साफ.

एकदाही हवेत गेलं नाही.

बांधावरून आबांनी विचारलं, ‘पडलें?’

‘उडालंच नाही, आबा.’

४ नोव्हेंबर

रात्री टेबलावर शोधलं. डाव्या-उजव्या सर्व्होच्या वायरी जायरोच्या डब्यात अदलाबदल झाल्या होत्या. म्हणूनच २२ सप्टेंबरला स्टिक उलटी चालत होती. मी वायर न बघता रिमोटमध्ये चॅनेल उलटा केला. त्याने स्टिक सरळ झाली, पण जायरो डावी-उजवी दुरुस्ती उलटीच करत राहिला. हेली जरा उजवीकडे कललं की जायरो त्याला अजून उजवीकडे ढकलणार. मागचा-पुढचा सर्व्हो बरोबर असल्याने ती चाचणी पास झाली.

फ्यूज सारखा उडतो म्हणून जाड तार घालून आणणाऱ्या गिऱ्हाइकांना मी दुकानात सुनावतो. तेच केलं.

खर्च: कार्बनची पाती १,४५०, स्पिंडलचे (डोक्यात पाती धरणारे) दोन शाफ्ट ३८०, मेन गिअर दोन ४२०, कुरिअर १५०. एकूण २,४००. अडीच आठवडे गेले. पुढच्या वेळी काचतंतूची स्वस्त पाती घेणार. शिकणाऱ्याने कार्बन लावू नये, मोडायला ती तितकीच सोपी आणि किंमत दुप्पट.

२४ नोव्हेंबर

आता चाचणी अशी करतो: हेली हातात धरून पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. प्रत्येक वेळी स्वॉशप्लेटने क्षितिजाशी समांतर राहायचा प्रयत्न करायला हवा. दर रविवारी, बॅटरी लावल्यावर, मोटर सुरू करण्याआधी. पाच सेकंद लागतात.

शेतातल्या धसकटांत पाय अडकतात म्हणून ताडपत्री अंथरली, चार कोपऱ्यांवर चार दगड. पात्यांनी वेग घेतला आणि ताडपत्रीची मधली कड फुगून वर आली. मी थ्रॉटल होल्डचं (मोटर लगेच बंद करणारं) बटण खाली ओढलं. ताडपत्री पात्यांच्या अगदी खाली पोचली होती. त्या दिवशी पुन्हा चालू केलं नाही. ताडपत्री, चटई, चादर, काही वापरू नका.

१ डिसेंबर

चार बाय चार फुटांचा प्लायवूड, जुना, दुकानामागचा. वजनदार, हलत नाही.

आज उडालं. तारखेखाली दोन रेघा मारल्यात वहीत.

पण पहिला तास फुकट घालवला तो वीतभर उंचीवर. घाबरून मी जमिनीपासून फार वर नेत नव्हतो आणि तिथेच ते सगळ्यात जास्त डुगडुगतं, कारण पात्यांची हवा जमिनीवर आपटून त्याच्याच अंगावर येते. होडीतून पाय उचलून धक्क्यावर ठेवताना होडी हलते तसं. गुडघ्यापासून कंबरेपर्यंतच्या उंचीवर गेलं आणि एकदम शांत झालं. सिम्युलेटरवर हे जाणवलं नव्हतं.

दुसरी गोष्ट: उभं असताना ते थोडं उजवीकडे कललेलं दिसतं. मी दोनदा उतरवून स्वॉशप्लेट पुन्हा सपाट केली. ती सपाटच होती. शेपटीचा पंखा हेलीला डावीकडे ढकलत असतो, ते सावरायला ते उजवीकडे झुकून उभं राहतं. सरळ करायला गेलात तर डावीकडे सरकत राहील. अर्धा तास गेला.

उड्डाणाचा वेळ: टायमर ४ मिनिटं ३० सेकंद. उतरल्यावर प्रत्येक सेल ३.७८ व्होल्ट, ठीक. ३.७ च्या खाली जाऊ द्यायचा नाही असं ठरवलंय.

८ डिसेंबर

बाजूने पाहिलं तर पाती दोन वेगवेगळ्या पातळ्यांवर फिरताना दिसली, मध्ये बोटभर फट. एका पात्याच्या टोकाला लाल टेप लावली, लाल वरची निघाली, तिचा लिंक (पात्याचा कोन ठरवणारी काडी) एक फेरा आत घेतला. फट गेली. हे बघताना लोक जवळ जाऊन डोळ्यांच्या पातळीवर बसतात. मी मुलाला मोबाइलवर झूम करायला सांगितलं, आठ मीटरवरून.

पात्यांचे बोल्ट किती आवळायचे? हेली आडवं धरलं तर पाती जागेवर राहावीत, झटका दिला तर खाली पडावीत. मी आधी कचकचून आवळले होते, पंख्याची सवय.

१९ डिसेंबर

गोवा मुक्तिदिन, दुकान बंद. व्हॅनच्या बॅटरीवर चार्जर लावून दोन बॅटऱ्या तीन-तीनदा उडवल्या. सहा उड्डाणं, शून्य आपट्या. डावी बाजू माझ्याकडे, दहा-दहा सेकंद. उजवी अजून पाच.

अकराच्या पुढे समुद्राकडून वारा सुरू झाला. या दिवसांत सकाळी सात ते नऊ हीच वेळ. नंतरचा प्रत्येक मिनिट तुम्ही हेलीशी नाही, वाऱ्याशी घालवता.

२९ डिसेंबर

शेपूट थरथरते. ठरावीक वेगाला, मधमाशी बाटलीत असल्यासारखा आवाज. जायरोची संवेदना कमी केली, थोडं कमी झालं. आणखी कमी केली, मग नाक स्वतःहून फिरायला लागलं. पुन्हा वाढवली.

तासाभराने शेपटीचा शाफ्ट बाहेर काढला. बेअरिंग बोटावर घेऊन हळू फिरवलं. एका जागी बारीक अडकत होतं, तांदळात खडा लागावा तसं. आत तांबूस पूड, गंज. ‘बरी वाटतात’ म्हणून जूनमध्ये ठेवलेली हीच दोन. इथल्या पावसाळ्यात उघडं ठेवलेलं बेअरिंग गंजणारच, हे मला माहीत नसेल तर कोणाला असणार? २४० रुपये, आठ दिवस.

एक बाजूची गोष्ट. १९७० च्या सुमारास जर्मनीचे डिटर श्लूटर असली हेली बनवून उडवायचे, तेव्हा आजचा इलेक्ट्रॉनिक जायरो नव्हता. शेपूट सावरायची ती बोटांनीच. मी जायरोची संवेदना पाच टक्क्यांनी बदलतोय आणि घाम पुसतोय.

१२ जानेवारी २०२५

मोठी आपटी.

सुंदर चाललं होतं. साधारण दोन मीटर उंचीवर शेपूट अचानक सुटली आणि हेली भोवऱ्यासारखं फिरायला लागलं. मी काय केलं? डाव्या हाताने स्टिक खाली ओढली, पूर्ण खाली. चार चॅनेलच्या हेलीची दोन वर्षांची सवय: संकट आलं की स्टिक खाली. इथे स्टिक खाली म्हणजे उणे दहा अंश, मोटर पूर्ण वेगात. ते स्वतःला जमिनीत हाणून मोकळं झालं. पाती वाकून शेपटीच्या नळीवर बसली, नळीचे दोन तुकडे. मोटर अजून चालूच. मग होल्ड आठवला.

आबा: ‘आजूय पडलें?’

१३ जानेवारी

कारण सापडलं. शेपटीच्या पात्यांचा कोन बदलणारी जी कोपऱ्यातली तरफ असते, तिचा बारीक स्क्रू निघून गेला होता. २९ डिसेंबरनंतर मीच बसवलेला. लॉकटाइट (स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायचा गोंद) लावला होता, निळा, बरोबर तोच. पण माझ्या हाताला दिवसभर तेल आणि वॉर्निश असतं. तेलकट स्क्रूवर लॉकटाइट धरत नाही. बाटलीवर लिहिलेलं असतं, वाचतो कोण. आता स्क्रू आणि भोक दोन्ही स्पिरिटने पुसतो, थेंब लावतो, रात्रभर ठेवतो. आणि फक्त धातूत धातू जातो तिथेच लावतो, प्लास्टिकच्या लिंकला नाही.

खर्च: शेपटीच्या दोन नळ्या ४५०, काचतंतूच्या पात्यांच्या दोन जोड्या १,४००, शेपटीची पाती १५०, मेन शाफ्ट २५०, बेल्ट ३००, कुरिअर १५०. एकूण २,७००. घरात हा आकडा ‘हजार-बाराशे’ असा सांगितला होता. ‘अहो, कुरिअरवाल्याने बिल माझ्या हातात दिलं,’ असं उत्तर आलं.

९ फेब्रुवारी

भाग यायला आणि बसवायला चार आठवडे. तेवढ्यात एकच सराव केला: सिम्युलेटरवर उडत असताना मुलगा मध्येच ‘होल्ड!’ म्हणून ओरडणार आणि मी स्टिकला हात न लावता आधी होल्ड पाडणार. पहिल्या दिवशी वीसपैकी तेरा वेळा बोट स्टिककडेच गेलं. दोन आठवड्यांनी वीसपैकी एक. होल्डचा स्विच रिमोटच्या डाव्या खांद्यावर, मोकळं बोट टेकतं तिथे आणला. आधी तो उजवीकडे होता, तिथे बोट पोचायला चिमटी सोडावी लागायची. स्विच कुठे आहे याचा विचार पहिल्या दिवशी करा.

आज चार उड्डाणं. ठीक.

२३ फेब्रुवारी

आज थोडक्यात वाचलो. रिमोटवर दोन अवस्था आहेत. नॉर्मल, म्हणजे स्टिक खाली नेली की मोटरही मंदावते. आणि आयडल-अप, म्हणजे मोटर कायम एका वेगात. मी नॉर्मलमध्ये स्टिक तळाला उणे दोन अंशच ठेवले होते, भीतीपोटी. आयडल-अपमध्ये तळाला उणे दहा. हवेत उभं असताना स्विच टाकला आणि हेली फूटभर खाली बसलं, मग माझ्या घाबरलेल्या हाताने दीड मीटर वर उडालं. एकाच स्टिकला दोन अर्थ होते.

आता पिचचा (पात्यांच्या कोनाचा) कर्व्ह दोन्हीकडे अगदी सारखा. बदलते ती फक्त मोटर. पुस्तकी सल्ला काहीही असो, नवशिक्याच्या बोटाला दोन भाषा शिकवू नका.

९ मार्च

बॅटरी गेली. काल सकाळी उडवून झाल्यावर एक भरलेली बॅटरी व्हॅनमध्ये विसरलो, दुपारभर उन्हात. आज उघडली तर पावासारखी फुगलेली. १,९०० रुपये. भरलेल्या बॅटऱ्या आता उडवायच्या नसतील तर ३.८ व्होल्टवर आणून मातीच्या कुंडीत वाळूवर ठेवतो, घराबाहेर, पडवीत. फुगलेली चार्ज करायचा मोह झाला होता. केला नाही.

मोटर उघडली होती तेव्हा चुंबकांना काळसर-लाल बारीक पूड चिकटलेली दिसली. आमच्याकडची माती. लहान ब्रशने आणि चिकटपट्टीने काढली, फुंकून निघत नाही. दर दहा उड्डाणांनी करतो.

२३ मार्च

नाक माझ्याकडे. सिम्युलेटरवर आता दोन मिनिटं टिकतं, म्हणून आज खरं.

तेवीस सेकंद. ते डावीकडे सरकलं, मी सावरायला गेलो, उलटी दिली, आणखी सरकलं. आणि नेमकं सूर्यात गेलं. काळा ठिपका, कुठलं नाक आणि कुठली शेपूट. होल्ड पाडला. मी ठरवलं नव्हतं, बोटाने पाडला. पाती मंदावत हेली दीड मीटरवरून धसकटांत पडलं.

नुकसान: पात्यांची एक जोडी ७००, स्पिंडल १९०, एका सर्व्होचे गिअर ३५०, कुरिअर १५०. १,३९० रुपये. शेपटीची नळी सरळ. जानेवारीत हेच दोन मीटरवरून पडलं होतं, तेव्हा नळी, शाफ्ट, बेल्ट सगळं गेलं होतं. फरक मोटर चालू असण्याचा.

चूक सूर्याची नाही. मी शेताच्या पश्चिम बांधावर उभा होतो, कारण व्हॅन तिथे लागते. आता पूर्वेच्या बांधावर उभा राहतो, सूर्य पाठीला. सामान शंभर पावलं जास्त वाहावं लागतं.

आतापर्यंत दुरुस्ती, बेअरिंग आणि फुगलेली बॅटरी धरून ८,६३० रुपये. हेलीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त.

१३ एप्रिल

नाक माझ्याकडे असताना ‘डावं म्हणजे उजवं’ असं मनात उलटं करत बसलं की वेळ निघून जातो. मुलाने सांगितलं ते चाललं: ज्या बाजूला कलतंय त्याच बाजूला स्टिक द्यायची, पडणाऱ्या भिंतीला टेकू लावल्यासारखी. आज ४० सेकंद, दोनदा. उंचीही वाढवलीय, तीन मीटर. खाली राहिलं तर चूक सुधारायला जागाच नसते.

शेताच्या वरच्या कोपऱ्यात टिटवीने अंडी घातलीत, चार, उघड्या ढेकळांत. हेली तिकडे गेलं की ती डोक्यावर ‘टिटिव टिटिव’ करत सूर मारते. हेलीला घाबरत नाही, मला घाबरत नाही. तो कोपरा सोडला. तिथूनच मी उजवीकडचं वळण घ्यायचो, त्यामुळे वळण आता आखूड पडतं आणि कच्चंच राहिलंय. आबा म्हणाले, पिल्लं निघेपर्यंत तिकडे जाऊ नकोस. जाणार नव्हतोच.

२७ एप्रिल

शिकाऊ पाय काढले. कामट्या दुकानात टांगल्यात, पुढच्या नरकासुराला परत द्यायच्या आहेत. पाय नसलेलं हेली एकदम हलकं वाटतं, स्टिकला लगेच उत्तर देतं. पहिल्या बॅटरीत नुसतं उभं धरलं.

दुसऱ्यात आडवा आठ. डावा गोल बरा येतो. उजव्या गोलात नाक माझ्याकडे वळताना मी अजून थांबतो, एक क्षण, आणि तेवढ्यात ते फूटभर खाली बसतं. सहा वेळा केलं, सहा वेळा बसलं. वळणात कोन थोडा वाढवायला हवा हे कळतं, डाव्या हाताला कळत नाही.

फुगलेलीच्या जागी आणलेल्या नव्या बॅटरीवर सहाव्यानंतर एकदा नीट गेलं. की वाऱ्याने उचललं? सव्वानऊ झाले होते, काजूच्या झाडांची पानं हलायला लागली होती. खात्री करायला पुन्हा घेतलं. बसलं.

टायमर वाजला, ४:३०. प्लायवूडवर उतरवलं, थोडं कडेला. होल्ड.